शाळेला पसंत पडलेला बाप

अन्याय माझ्या बापावर झाला. संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे करीच्या दिवशी, दुपारच्या जेवणाची सुट्टी संपल्यावर, वडशातल्या एका इंग्रजी शाळेच्या ऑफिसात झाला. मी तेव्हा सातवीत होते आणि तिथं हजर होते. ज्यांनी तो केला त्यांची तब्येत चांगली आहे, त्यांच्या शाळेवर आता दुसरा मजला चढला आहे. शाळेचं नाव मी लिहिणार नाही. एकीचं नाव लिहिलं की बाकीच्या हात झटकून मोकळ्या होतात.

आमचं गाव वडशापासून सायकलनं जाता येतं एवढं लांब. धानाचं गाव. गावात जिल्हा परिषदेची सातवीपर्यंतची शाळा होती. गुरुजी कागदावर तीन, प्रत्यक्षात दीड. दीड म्हणजे एक पुरा, आणि दुसरा मतदारयाद्या, जनगणना, ट्रेनिंग यांतून उरला तर आमचा. पावसाळ्यात एक खोली गळायची, मग तिसरी आणि चौथी एकाच फळ्याकडे तोंड करून बसायच्या. इंग्रजीचा तास हा गुरुजींना आमच्यापेक्षा जास्त नकोसा होता. हे सगळं मी आधीच सांगून टाकते, म्हणजे सरकारी शाळेच्या आरत्या ओवाळतेय असं कोणी म्हणायला नको.

पण माझा बाप त्या शाळेच्या व्यवस्थापन समितीचा अध्यक्ष होता. पालकांनी निवडलेला. चौथी शिकलेला माणूस. महिन्यातून एकदा इस्त्रीचा शर्ट घालून जायचा, तर गुरुजी उठून त्याला बसायला जागा द्यायचे. बाप खिचडीचा घास तोंडात टाकून स्वयंपाकवालीला सांगायचा, "बाई, मीठ सरलं का व गावातलं?" गुरुजी उशिरा आले तर दारातच विचारायचा, "काऊन गुरुजी, आज बी गाडी पंचर?" गुरुजी मान खाली घालून वर्गात शिरायचे. पगारी माणूस माझ्या बापाला घाबरतो, अशी या जगात ती एकच जागा होती.

ती त्यानं स्वतःच्या हातानं सोडली. गावात वडशाच्या त्या इंग्रजी शाळेची पिवळी व्हॅन यायला लागली होती. माझा भाऊ पाच वर्षांचा झाला तेव्हा बाप म्हणाला, "पोरीचं चालते इथी. पोट्ट्याचं नाई चालत." एवढंच. माझ्या शिक्षणाबद्दल आमच्या घरात झालेली ती एकमेव चर्चा.

अडचण एकच होती. त्या शाळेत पोराच्या आधी आई-बापाची मुलाखत व्हायची. शेजारच्या गावच्या किराणावाल्याला त्यांनी नापास केलं होतं. 'घरी इंग्रजीचं वातावरण नाही' म्हणून. तो चांगला पैसेवाला माणूस, तरी पोराला घेऊन परत आला आणि आठ दिवस दुकानात नीट बोलला नाही. तेव्हापासून पंचक्रोशीत त्या मुलाखतीची दहशत होती.

दुसऱ्या जिल्ह्यातल्या माणसानं अशा वेळी आमदाराची चिठ्ठी शोधली असती. आमच्या गावानं नट शोधला.

कारण वडसा म्हणजे झाडीपट्टीच्या, आमच्या पूर्व विदर्भातल्या, नाटकांचं ठाणं. दिवाळी झाली की थंडीभर गावोगाव नाटकं, आणि उन्हाळा लागला की कंपन्या बंद, नट रिकामे. जूनमध्ये नट स्वस्त. आमच्या ओळखीचा जो होता तो प्रत्येक नाटकात इन्स्पेक्टर व्हायचा, फार तर वकील. म्हणून आमचं गाव त्याला इन्स्पेक्टर म्हणायचं; इंग्रजी शाळेचे लोक असली नाटकं बघायला जात नसत. उन्हाळ्यात तो धानोऱ्याकडे जाऊन विड्यांच्या तेंदूपत्त्याचे पुडे मोजायचा. अंगानं भरलेला, आवाज घंटेसारखा, आणि बोलणं असं, की पुण्याच्या माणसानंही आपलं तपासून घ्यावं.

बापाच्या जागी बाप म्हणून मुलाखत द्यायला इन्स्पेक्टर तयार झाला, पण म्हणाला, "भाऊ, तालीम केल्याबिगर मी उभा नाई राहत. स्टेज असो का हापिस."

तालीम आमच्या अंगणात झाली. अर्धं गाव बघायला. प्रश्न आला, शाळेच्या मॅडमचा पार्ट कोण करेल? एक जण ओरडला, "अध्यक्षालेच देऊन टाका ना बे! मोठ्या माणसाचा पार्ट हाय." सगळे हसले आणि माझ्या बापाला खाटेवर मॅडम करून बसवलं. तो लाजत बसला. समोर इन्स्पेक्टर, अंगात नाटकातला कोट, डोळ्यावर बिननंबरचा चष्मा.

बापानं विचारलं, "तुमी काय करून राह्यले?"

"मी प्रगतिशील शेतकरी आहे, मॅडम. शिवाय माझा तांदळाचा व्यापार आहे."

"घरी इंग्रजी कोन बोलते?"

"आम्ही रात्री जेवताना एकमेकांशी इंग्रजीतच बोलतो."

"जेवताना?" मागून एक म्हातारा म्हणाला. "मंग भात कवा गिळता जी?"

अंगण हसून लोळलं. माझा बापही हसला. तो आपल्याच बापपणाची मुलाखत घेत होता आणि हसत होता. मग कोणी तरी विचारलं, मायचं काय? इन्स्पेक्टर म्हणाला, "वहिनी आजारी राहतेत म्हणून सांगू. आल्या तं तोंड उघडतीन अन खेळ खतम." माझी आई दारात सुपात तांदूळ घेऊन बसली होती. ती म्हणाली, "आजारी कायले? मारूनच टाका ना. आजारी माणसाले पाहाले येतेत लोक."

भावाला शिकवलं गेलं: घरी बाबा, शाळेत इन्स्पेक्टर म्हणजे पप्पा, आणि बाबा तिकडं दिसले तरी ओळख द्यायची नाही. पाच वर्षांच्या पोरानं एका दिवसात ते पकडलं. एकदाही चुकला नाही. पोट्टा हुशार हाय, असं सगळं गाव म्हणालं.

इन्स्पेक्टर मुलाखतीत पास झाला. शाळेच्या फाइलीत नाव माझ्या बापाचं लागलं आणि तोंड दुसऱ्याचं. फोन नंबरही इन्स्पेक्टरचाच दिला, कारण बापानं फोन उचलला असता तर 'कोन बोल्ते?' म्हणाला असता. फीसाठी नहराकाठचं वावर ठेक्यानं गेलं. त्याशिवाय दर पालकसभेला इन्स्पेक्टरची रोजी, नाश्ता आणि कोटाची धुलाई.

आता यातली गंमत ऐका. इन्स्पेक्टर चांगला पालक निघाला. नट होता, मिळालेला पार्ट वाढवणार नाही तर काय? सभेत पहिल्या रांगेत बसायचा, प्रश्न विचारायचा, मुलांच्या डब्यात मोड आलेली मटकी असावी असं म्हणायचा. मॅडम खूश. इतर बाप त्याच्यासारखे कोट शिवायला लागले. भाऊ पहिलीत असताना वर्गानं माझ्या आजारी आईसाठी रंगीत कार्ड बनवून पाठवलं. तीस पोरांच्या सह्या. आई नुकतीच धानाच्या रोवण्यावरून आली होती, पोटऱ्यांपर्यंत चिखल. मी तिला वाचून दाखवलं: लवकर बऱ्या व्हा. ती म्हणाली, "यायले सांग, उद्या बी चिखलातच हाय मी. बरी व्हाले टाइम नाई."

आणि मग शाळेनं फ्लेक्स लावला. वडशाच्या चौकात, भर रस्त्यावर. इन्स्पेक्टरच्या मांडीवर माझा भाऊ, वर लिहिलेलं 'आमचे आदर्श पालक', खाली माझ्या बापाचं पूर्ण नाव. बाप दर बाजाराला त्याच्याखालून जायचा. एकदा धानाचा व्यापारी वर बोट दाखवून म्हणाला, "पाहा ना भाऊ, तुमच्याच नावाचा साहेब हाय. काय रुबाब हाय!" बाप म्हणाला, "राहते. एकेक नाव सारखं राहते."

गावात मात्र वेगळंच चाललं होतं. अध्यक्षाचा पोट्टा व्हॅनमध्ये जातो हे पाहून सरपंचाची नात गेली, मग दूधवाल्याची दोघं, मग ज्यांना झेपत नव्हतं तेही. बाप समितीवर होता तो फक्त मी अजून गावच्या शाळेत होते म्हणून. सभेत आता तो गुरुजींना उशिराबद्दल विचारत नव्हता. कोणत्या तोंडानं विचारणार? गुरुजीही हुशार. एक दिवस बापाला म्हणाले, "अध्यक्ष, तुमचा मुलगा तिकडं वेळेवर जातो ना? मग झालं." त्या दिवसापासून ते निवांत उशिरा यायला लागले.

आता करीचा दिवस. भाऊ दुसरीत होता. आमच्या गुरुजींचं ट्रेनिंग होतं म्हणून शाळा बंद, आणि मी बापाबरोबर ट्रॅक्टरवर वडशाला गेले होते, राइस मिलमध्ये धान भरडायला. आमचे कपडे, केस, पापण्या, सगळ्यावर कोंडा. तिथं व्हॅनचा ड्रायव्हर चहा प्यायला आला. तो रोज आमच्या दारातून भावाला न्यायचा, त्याला सगळं ठाऊक होतं. म्हणाला, "भाऊ, तुमचा पोट्टा हापिसात पडून हाय. अंगानं लय तपला. मॅडम फोन लावून राहिल्या, लागून नाई राहिला."

लागणार कसा? नाटकांचा हंगाम होता. इन्स्पेक्टर रात्रीचा प्रयोग करून जंगलाकडच्या कुठल्या तरी गावात झोपला होता, जिथं फोनला रेंज नाही.

बाप तसाच निघाला. मी मागं. फाटकावर वॉचमननं अडवलं, "कोण तुम्ही?" बाप थांबला. खरं सांगितलं तर पोराचं नाव जाईल, ही भीती त्याच्या छातीवर बसलेली. म्हणाला, "त्या पोराच्या घरी कामाले आहो मी."

आम्हाला ऑफिसात नेलं. भाऊ बाकावर आडवा होता, गालांवर आग पेटल्यासारखा. त्यानं डोळे उघडले, बापाला पाहिलं आणि शिकवलं होतं तसं तोंड भिंतीकडे फिरवलं. सात वर्षांचं पोर, अंगात ताप, पण पार्ट विसरलं नाही.

मॅडम म्हणाल्या, "घरगड्याच्या हातात आम्ही मूल देत नाही. पप्पांना येऊ द्या."

"बाई, ते नाई येऊ शकत आज. तपला हाय तो. दवाखान्यात नेतो मी."

"नियम आहे. मूल फक्त पालकाला."

बाप भावाकडे गेला, कपाळाला हात लावायला. मॅडम ओरडल्या, "हात लावू नका, किती घाण आहे अंगावर!" त्या ओरडण्यानं काहीतरी झालं. बाप वळला आणि म्हणाला, "बाई, मी बाप आहो त्याचा. जलमाचा."

मॅडम हसल्या. रागावल्या नाहीत, चक्क हसल्या. बापानं खिशातून आधार कार्ड काढून टेबलावर ठेवलं. मॅडमनी फाइल उघडली, नाव ताडून पाहिलं, फोटो पाहिला, पुन्हा नाव पाहिलं. म्हणाल्या, "हे नाव तुम्ही कुठून आणलं?" माझ्या बापाला त्याचं नाव कुठून आणलं असं विचारलं गेलं. मी म्हणाले, "खरंच बाबा हायेत, मॅडम. मी बहीण आहो." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. केसातला कोंडा बघितला. मुलाला बहीण आहे हे इन्स्पेक्टरनं मुलाखतीत सांगितलंच नव्हतं. माझा तर पार्टच नव्हता.

मॅडम आत जाऊन संचालकांना घेऊन आल्या. साहेब पान खात आले. बाप सगळं सांगायला लागला, तालमीपासून. साहेबांनी हात वर केला. "कळलं, कळलं. मला दिवाळीनंतरच कळलं होतं. नाटकाच्या उद्घाटनाला बोलावलं होतं मला. पहिल्या रांगेत बसलो, पडदा उघडला, तर आमचे आदर्श पालक स्टेजवर कोणाला तरी बेड्या घालत होते." आणि पोट धरून हसले.

बापानं विचारलं, "मंग साहेब, पोराचं नाव काटता का?"

"कशाला? फी वेळेवर येते. मुलगा ठीक आहे. आणि माणूस तुम्ही एक नंबर निवडलात हो! त्याच्याकडे पाहून चार गिऱ्हाइकं जास्त येतात." पालक म्हणजे गिऱ्हाईक, हे त्यांनी लपवलंसुद्धा नाही. मग जरा गंभीर होऊन म्हणाले, "पुढच्या महिन्यात गॅदरिंग आहे. त्याचं भाषण ठेवलंय. त्यालाच पाठवा. तुम्ही मात्र येत जाऊ नका. बाकीच्या पालकांना बरं दिसत नाही, आणि मुलाच्या मनावरही परिणाम होतो. तुम्हाला मुलाचं भलं हवंय ना?"

बाप म्हणाला, "हो साहेब."

हाच तो अन्याय. खोटं आम्ही केलं होतं, ते मला मान्य आहे. खोटं उघड झाल्यावर त्यांनी आम्हाला हाकललं असतं तर मी हे लिहिलं नसतं. त्यांनी दोन्ही बाप तोलून बघितले आणि खोटा ठेवून घेतला. खऱ्याकडून फक्त फी घेतली.

जाताना साहेब मॅडमना म्हणाले, "आजच्या दिवस नेऊ द्या. रजिस्टरात 'घरचा माणूस' लिहा. यात खोटं काही नाही."

आम्ही भावाला दवाखान्यात दाखवलं, सुई दिली, आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत कोंड्याच्या पोत्यांवर निजवून गावाकडं निघालो. बाप त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसला होता. अर्ध्या वाटेत भावानं विचारलं, "बाबा, तुमी आत काऊन आले? नाव काटतीन ना माझं."

बाप म्हणाला, "नाई काटत. साहेबाले तुझा पप्पा पसंत हाय."

भावाला हायसं वाटलं. तो झोपला. बापाचं तोंड मी पाहिलं नाही, मी मुद्दाम दुसरीकडे पाहत होते.

तुम्हाला वाटेल, दुसऱ्या दिवशी बापानं पोराचं नाव काढलं असेल. नाही काढलं. आई म्हणाली, "आणा त्याले घरी, आपल्या शाळेत टाका. जमलं तं मी बरी बी होतो." बाप म्हणाला, फी भरली हाय. गॅदरिंगला इन्स्पेक्टर गेला, बापाच्या कर्तव्यावर बोलला, लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझा बाप कंपाउंडच्या बाहेर पानठेल्याजवळ उभा राहून लाउडस्पीकरवर ते ऐकत होता. घरी येऊन म्हणाला, "चांगला बोलला. मले नसतं जमलं." हे वाक्य त्या शाळेनं त्याला शिकवलं. त्या शाळेत आमच्या घरातलं जर कोणी पक्कं शिकलं असेल, तर तो माझा बाप.

दहावीपर्यंत हे चाललं. मला आता गावोगाव लोक विचारतात, कारण मी शिक्षण हक्काची पत्रकं वाटत फिरते: "ताई, खरं सांगा, पैशाची शाळा परवडते का?" मी खरं सांगते. माझ्या भावाचं इंग्रजी माझ्यापेक्षा चांगलं आहे. नागपुरात मोबाइलच्या दुकानात काउंटरवर उभा राहून तो ते बोलतो. मी वडशाच्या कॉलेजात गेले, तोही तिथंच आला होता, बारावी झाल्यावर निघून गेला. बापाला रविवारी फोन करतो. जेवले का, जेवलो, पाणी आलं का, आलं. पाच वर्षांचा असताना त्याला शिकवलं गेलं की या माणसाला चारचौघांत ओळख द्यायची नाही. नंतर ते कोणी परत शिकवलं नाही. तो वाईट पोरगा नाही. तो चांगला विद्यार्थी आहे.

आणि गावची शाळा? दोन खोल्यांना कुलूप आहे. उरलेली पोरं एका गुरुजीसमोर बसतात, आणि पट कमी म्हणून तीही दुसऱ्या गावच्या शाळेत जोडायची बोलणी चालू आहेत. समितीवर अध्यक्ष म्हणून ज्या बाईचं नाव आहे तिला सभा कधी झाली तेही माहीत नसतं. गुरुजींना उशिराबद्दल विचारणारं कोणी राहिलं नाही. जे विचारू शकत होते ते सगळे पैसे भरून दुसऱ्याच्या फाटकावर उभे राहायला गेले. तेव्हा, परवडते का? ज्याला फाटकाच्या आत घेतात त्याला परवडत असेल. त्याला विचारा.

म्हणून आता मी तुमच्याकडे येते, कारण पुस्तक विकत घेऊन वाचणारे तुम्ही बहुतेक आतलेच. शिक्षण हक्काचा कायदा येऊन वर्षं झाली. प्रवेशासाठी मुलाची किंवा आई-बापाची मुलाखत घ्यायला त्यात साफ मनाई आहे. सरकारी असो, खासगी असो. तरी तुमची मुलाखत झाली. तुम्ही साडी निवडलीत, कोट घातलात, आदल्या दिवशी आरशासमोर उत्तरं म्हटलीत, आणि पास झालात तेव्हा तुम्हाला आनंद झाला. त्या आनंदात तुम्ही हे विचारलं नाही, की त्या दिवशी नापास कोण झालं आणि का. तुम्ही गप्प बसलात, म्हणून ती मुलाखत चालू राहिली, आणि माझा बाप तिच्या भीतीनं स्वतःच्या पोराचा गडी झाला.

ती मुलाखत कुठल्या शाळेनं घेतली, कोणी घेतली, काय विचारलं, हे तुम्हाला आठवतं. एका कागदावर लिहा. खाली तुमचं नाव घाला, सही करा, आणि तालुक्याच्या गटशिक्षणाधिकाऱ्याच्या टेबलावर स्वतः नेऊन ठेवा, पोच घ्या. तुमचं पोर अजून त्या शाळेत शिकत असताना द्या. ते पास होऊन बाहेर पडल्यावर नको. या आठवड्यात द्या.